वन्संचा चीन

जपानमधल्या कोबे शहरात, एका मोठ्या कमानीलगतच्या चिनी खाणावळीच्या दाराशी, लाल कोट आणि सोनेरी बटणं घातलेल्या एका गृहस्थासमोर मी एकदा दोन पासपोर्ट उघडून धरले होते. एक माझा, एक माझ्या चार वर्षांच्या नातीचा. पायाशी चाकांची बॅग. एप्रिलचं चांगलं ऊन पडलेलं असताना अंगात एकावर एक दोन स्वेटर, कारण बॅगेत जागा उरली नव्हती. त्या गृहस्थाने पासपोर्ट दोन्ही हातांनी घेतले. माझा फोटो बघितला, मग मला बघितलं, मग परत फोटोकडे जरा हळहळून बघितलं. कमरेत वाकून नमस्कार केला आणि पासपोर्ट परत दिले. माझ्या पासपोर्टच्या आत आता दुपारच्या जेवणाचं छापील पत्रक होतं.

मी त्याला चीनचा सरहद्दीवरचा अधिकारी समजले होते.

हसा, हसा. माझी नात तर अजून हसते. आता ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे, त्यामुळे वरून हसते. पण मी तेव्हा तरुण होते, अवघी अठ्ठावन्न वर्षांची, आणि सगळी नोकरी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात काढलेली. जपान आणि चीन यांच्यामध्ये समुद्र आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तो फळ्यावर निळ्या खडूने कितीदा रंगवलाय. मला वाटलं, कमानीच्या पलीकडे बोट असेल.

मला त्या कमानीपर्यंत घेऊन गेल्या त्या माझ्या नणंदबाई. आमच्या ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला मंगल म्हणतात. हे लिहायला बसले आहे ते वन्संबद्दल. माझ्याबद्दल जे काही येईल ते केवळ नाइलाज म्हणून.

त्या वर्षी मार्चमध्ये जपानला तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी उरायासुला होते. टोकियोच्या शेजारचं, खाडीत भराव घालून वाढवलेलं गाव. मुलगा आणि सून तिथे नोकरीला, आणि मी इराला सांभाळायला गेलेली. आमची इमारत उभी राहिली, पण खालची जमीन पातळ झाली. रस्त्याच्या फटींतून करडा चिखल वर आला. विजेचे खांब झिंगल्यासारखे कलले. गटाराचं झाकण खालच्या नळकांड्यासकट जमिनीतून कमरेएवढं वर येऊन उभं राहिलं. नळ बंद, संडास बंद. पृथ्वीच्या पोटात काय काय असतं ते मी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. ते असं घरी भेटायला येईल असं वाटलं नव्हतं. त्यात अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या. पाणी पिऊ नका, पाणी प्या, पालक खाऊ नका. मुलगा म्हणाला, "आई, आम्हाला नोकरी टाकून हलता येत नाही. तू इराला घेऊन कोबेला आत्याकडे जा. तिकडची जमीन शांत आहे."

जमीन शांत होती. वन्सं नव्हत्या.

वन्सं लग्न होऊन कोबेला आल्या त्याला तेव्हा चाळीसेक वर्षं झाली असतील. यजमान मोत्यांच्या व्यापारातल्या एका भारतीय पेढीत होते. ते गेल्यावर आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, आता पुण्याला या. वन्सं म्हणाल्या, "पुण्यात चालायला फुटपाथ कुठे आहेत?" परदेशात एकटीने राहायला हे काय कारण झालं? पण बाई खरंच दिवसभर चालत असत. सकाळचा चहा झाला की पायात पांढरे बूट, पाठीला पिशवी, आणि घराबाहेर. परत यायच्या त्या दिवे लागल्यावर. घर सातव्या मजल्यावर, पण लिफ्टमध्ये पाऊल नाही. "लिफ्ट आजाऱ्यांसाठी असते." घरी असल्या की दाराच्या फटीत जुनी चप्पल अडकवून दार किलकिलं ठेवायच्या. "वारा खेळता राहतो." थंडीने आमचे दात वाजायचे, पण वारा खेळता राहायचा.

आणि बोलणं सगळं जहाजाच्या कप्तानासारखं. "घाबरायचं काम नाही, चालायचं काम आहे," हे दिवसातून दहादा. मी जरा दचकले की, "काय गं भागूबाई?"

मी जरा नाही, सारखीच दचकत होते. वन्संच्या घरात शिरल्या शिरल्या मी छताच्या दिव्याला दोरा बांधून त्याला एक चमचा लटकवला. जमीन हलली की चमचा आधी हलणार, आणि मला कळणार. शास्त्रीय उपाय. चमचा सारखा हलायचा, कारण दार किलकिलं. तो हलला की मी इराला ओढून टेबलाखाली. वन्सं टेबलाखाली वाकून विचारायच्या, "चहा खालीच देऊ का?"

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "उद्या चीनला जायचंय. सकाळी लवकर आटप."

आता माझी बाजू ऐका. गाडीत येताना मी मोठमोठ्या बॅगा घेऊन निघालेले परदेशी लोक बघितले होते. सगळे जपान सोडून चालले होते. कोबे हे बंदर. वन्सं बंदरातल्या जुन्या रहिवासी. आणि मला स्वतःला तर जपानमधून कुठेही, अगदी कुठेही जायचं होतं. मी मनात म्हटलं, वन्संनी गुपचूप व्यवस्था केली. मी तेवढ्याच गुपचूप पुण्याला फोन केला आणि ह्यांना सांगितलं, "आम्ही उद्या चीनमार्गे निघतोय." ह्यांनी थोरल्या बहिणीच्या शब्दावर जन्मात कधी शंका घेतलेली नाही. म्हणाले, "ताईने ठरवलंय ना? मग जा."

सकाळी वन्संनी बॅग बघितली. "एवढी मोठी कशाला?"

"लागेल ना तिकडे."

"बरी आहे. खरेदीला होईल."

अशी मी चीनला निघाले. दोन स्टेशनं गेल्यावर उतरलो. पाच मिनिटं चाललो आणि समोर लाल-हिरवी, सोनेरी ड्रॅगनवाली कमान आली, दोन बाजूंना दोन दगडी सिंह. पुढचा प्रसंग वर सांगितलाच आहे. तो बघून वन्सं हसत हसत सिंहाच्या चौथऱ्यावर बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मंगल, तू भूगोल शिकवायचीस ना गं? त्या मुलांची नावं दे मला. शोधायला हवीत बिचारी, कुठे कुठे पोचली असतील."

तर वन्संचा चीन म्हणजे नानकिनमाची, कोबेतली चिनी वस्ती. एकमेकींना छेदणाऱ्या दोन गल्ल्या, छेदतात तिथे एक चौक. संपलं. पण वन्संनी तिचे प्रांत पाडले होते. चौकात निमुळत्या छपराची एक शोभेची छत्री होती, ते पेकिंग. दुकानांची गल्ली म्हणजे शांघाय. मागच्या बाजूला वाळत घातलेले टॉवेल आणि रिकामे खोके होते, ते कॅन्टन. "जपानमध्ये कसं, सगळं झाकून. चीनमध्ये असं नसतं. चीनमध्ये सगळं दारात," असं त्या सांगायच्या. चीनमध्ये असं असतं आणि चीनमध्ये तसं नसतं. वन्सं आयुष्यात कधी चीनला गेलेल्या नव्हत्या.

पण दारात खरंच सगळं होतं. काचेमागे गळ्याला आकडे लावून बदकं टांगलेली, पॉलिश केलेल्या फर्निचरसारखी चकचकीत. मी त्यांच्याकडे बघत नसे, पण ती माझ्याकडे बघत. बांबूच्या टोपल्यांचे मजल्यावर मजले, सगळ्यांतून वाफ. एका दुकानापुढे डुकराच्या मांसाच्या पावांसाठी एरवी म्हणे लांबलचक रांग असते. त्या दिवसांत पर्यटक नव्हते, त्यामुळे बोलावणारे जास्त आणि खाणारे कमी. गिऱ्हाईक नाही म्हणून सगळे आम्हालाच हाका मारायचे. आणि वास! मोठ्या भांड्यांत बाद्यान उकळत होतं. डोळे मिटले की घरी गोडा मसाला भाजतेय असं वाटायचं. उघडले की बदक.

मी डोळे फारसे मिटत नसे, कारण डोक्यावर लाल कंदील होते. गल्लीभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वन्संच्या घरी एक चमचा होता, इथे शेकडो. वारा आला की सगळे एकदम हलायचे आणि मी इराला कवटाळून मटकन खाली बसायचे. पहिल्या दिवशी एका दुकानदाराने धावत येऊन मला स्टूल दिलं. दुसऱ्या दिवशी तो स्टूल घेऊन तयारच होता.

वन्संचा खरा तमाशा खाण्यापाशी असायचा. त्या कडक शाकाहारी. कुठल्याही गाड्यापुढे उभ्या राहून त्या एक बोट वर करायच्या आणि उलटतपासणी सुरू. "निकु?" म्हणजे मांस आहे का. "साकाना?" म्हणजे मासे. "एबी?" म्हणजे कोळंबी. तो सगळ्याला नाही म्हणाला की विजयी चेहऱ्याने, "मग तळलंय कशात?" विकणाऱ्याला आत पाठवून तेलाचा डबा बाहेर मागवायच्या, चष्मा लावून त्यावरचं बारीक जपानी वाचायच्या, झाकण उघडून वास घ्यायच्या. एवढं करून पास झालेले पदार्थ दोन: एका दुकानातले तिळाचे लाडू, तळलेले, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, आणि एक वाफवलेला पाव, ज्याच्यात काहीच नाही. गल्लीतल्या लोकांना बाई पाठ होत्या. एक पाववाला तर त्या लांबून दिसल्या की स्वतःच आमच्याकडे बघून गायला लागायचा, "निकु नाही, साकाना नाही, एबी नाही!" वन्सं म्हणायच्या, "बघ, वळण लावलंय."

हे सगळं मजेचं होतं, आणि मला त्यातली काडीची मजा येत नव्हती. कारण इरा जेवत नव्हती.

भूकंपाआधी ही पोर दिवसभर अर्धी मराठी, अर्धी जपानी अशी बडबड करायची आणि ताटातलं सगळं संपवायची. नंतर तिने तोंड मिटलं. कोबेला आलो तेव्हा ती फक्त मी पुण्याहून आणलेली ग्लुकोजची बिस्किटं आणि माझ्यासमोर सोललेलं केळं खायची. भात पुढे केला की ओठ आत ओढून घ्यायची. फ्रॉकचा पट्टा एकेक भोक आत जायला लागला. बिस्किटांचा शेवटचा पुडा उघडला होता. मुलगा रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न विचारायचा, "जेवली?" आणि मी म्हणायचे, "उद्या जेवेल." शेवटी तो म्हणाला, "आई, शनिवारपर्यंत काही खाल्लं नाही तर दवाखान्यात दाखल करायचं. सलाइन लावतील." चार वर्षांच्या मुलीच्या हातात सुई, अनोळखी गावात, आईबाप लांब. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नळाच्या पाण्याकडे बघून आणखी घाबरले ते वेगळंच.

कुणी काही दिलं की इरा एकच शब्द विचारायची. "दाइजोब?" म्हणजे, ठीक आहे ना, काही होणार नाही ना? जपानमध्ये हा शब्द सगळे सगळ्यांना सारखा विचारतात. मी म्हणायचे, "हो गं राणी, दाइजोब." आणि ती शब्द न ऐकता माझ्या तोंडाकडे बघायची. मग ओठ आत.

वन्संनी एक दिवस जिन्यात मला गाठलं. इरा दोन पायऱ्या पुढे होती. "तिला भूक नाही असं नाहीये मंगल. उरायासुला तू तिच्या हातातलं काय काय काढून घेतलंस?"

मी आठवलं. दूध. पालकाची भाजी. एका शेजारणीने दिलेली स्ट्रॉबेरी. ती तर तोंडात बोट घालून काढली होती.

"आणि तुम्ही हो?" मी उसळले. "प्रत्येक गाड्यापुढे अर्धा तास चौकशी! पोरीला वाटत असेल, जगात सगळ्यातच विष आहे!"

वन्संनी मान खाली घातली. हे नवीन होतं. पुढचे तीन मजले त्या माझ्यामागून चढल्या.

पेकिंगच्या चौकात चिनी लोकांच्या बारा वर्षांचे बारा प्राणी दगडात घडवून मांडले होते. उंदीर, बैल, वाघ असे थेट डुकरापर्यंत. आणि तेरावा एक पांडा, ज्याचं त्या बारांत काही काम नाही. वन्सं म्हणायच्या, "तो वशिल्याने लागलाय." इराला तेवढा तो पांडा आवडायचा. ती त्याचा पंजा धरून बसायची. आणि रोज निघायच्या आधी वन्सं म्हणायच्या, "तुम्ही दोघी पांड्यापाशी थांबा, मी जरा कॅन्टनला जाऊन येते." मागच्या गल्लीत जायच्या आणि काही वेळाने रुमालाने तोंड पुसत यायच्या.

रुमालाने तोंड पुसत! शुक्रवारी माझ्या डोक्यात उजेड पडला. वाचकहो, तुम्हाला नणंद असेल तर माझी अवस्था कळेल. माझ्या लग्नाला येऊन माझ्या हातच्या पहिल्याच आमटीला नाव ठेवणारी, जन्मभर दुसऱ्याच्या तेलाचे डबे हुंगणारी ही बाई चोरून काहीतरी खात होती. उद्या दवाखाना होता, पोरीची हाडं दिसायला लागली होती, मला रात्री झोप नव्हती; पण क्षणभर मी सगळं विसरले. मी इराचा हात धरला आणि दगडी डुकराच्या आडून निघाले.

मागच्या गल्लीत एका दाराबाहेर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, आणि त्यामागे जवळजवळ पातेल्याएवढीच एक चिनी म्हातारी. शेजारी पत्र्याचं एक टेबल. वन्सं टेबलापाशी उभ्या, हातात वाडगा, आणि चमच्याने पांढरं, दाट, वाफाळतं काहीतरी खाणं चाललेलं. बोट वर नाही. चष्मा नाही. म्हातारीने वाडगा भरला होता आणि वन्संनी तो घेतला होता, इतकं साधं.

मी पुढे झाले. "वन्सं, काय हो आहे यात?"

त्या दचकल्या. मी त्यांना दचकलेलं पहिल्यांदाच बघितलं. "पेज आहे. भाताची."

"भाताशिवाय?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

मी आता पुढचं वाक्य जुळवत होते. चांगलं झोंबणारं होतं. तेवढ्यात टेबल थरथरलं. पत्र्यावरच्या चमच्यांनी एकमेकांवर आपटायला सुरुवात केली, पलीकडच्या दुकानातल्या टोपल्यांचा मनोरा खडखडला, डोक्यावरचे कंदील नाचायला लागले. मी काय केलं ते सांगायला नको. मी इराला घेऊन टेबलाखाली होते, डोळे गच्च मिटून, रामरक्षा भलत्याच ओळीपासून सुरू केलेली.

खडखड थांबली. भूकंप नव्हताच. मागच्या रस्त्यावरून मालाचा मोठा ट्रक गेला होता. मी वरून "चहा खालीच देऊ का" ऐकायची वाट बघत राहिले. आवाज येईना. म्हणून डोकं बाहेर काढलं.

वन्सं होत्या तिथेच उभ्या होत्या. वाडगा दोन्ही हातांनी धरलेला, डोळे मिटलेले, आणि अंग असं कापत होतं की पेज काठावरून बोटांवर सांडत होती, गरम गरम, आणि त्यांना ते कळत नव्हतं. म्हातारी पातेल्यामागून आली. तिने वन्संची बोटं एकेक करून वाडग्यावरून सोडवली, आपल्या एप्रनने पुसली, आणि कोपराला धरून त्यांना एका खोक्यावर बसवलं. हे सगळं ती इतक्या सवयीने करत होती की पहिल्यांदा करत नसणार.

मला एकदम सातवा मजला आठवला, आणि लिफ्ट, आणि दारातली चप्पल.

"इथे पण झाला होता ना," वन्सं म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, टेबलाच्या पायाकडे बघत. "खूप वर्षं झाली. पहाटे. दाराची चौकट अशी वाकली की दार उघडेना. ह्यांनी खुर्ची घालून फोडलं. रस्त्यावर आलो ते झोपायच्या कपड्यांत, जानेवारीत. मागे अर्धी वस्ती पेटलेली. चालत चालत इथवर आलो, कुठे चाललोय माहीत नाही. हिचं दुकान आतून मोडलं होतं. हिने शेगडी काढून रस्त्यात मांडलेली आणि पेज उकळत होती, येईल त्याला देत होती. मी हात पुढे केला. तिने दिली. मी खाल्ली."

"मग?"

"मग काय? महिन्याभराने आले विचारायला, तेव्हा त्यात काय होतं म्हणून. मनाला लागून राहिलं होतं. इथेच उभी राहिले. तिने मला तेव्हा विचारलं नव्हतं तू कोण, कुठली. मग मी तिला काय विचारू?" त्यांनी नाक ओढलं. "तेव्हापासून येते. बाकीच्यांना विचारते भरपूर."

माझ्या तयार वाक्याचं काय झालं देव जाणे. मला ते आजही आठवत नाही.

टेबलाखालून आवाज आला. "आत्याआजी, दाइजोब?"

इरा बाहेर आली होती आणि वाडग्याकडे बघत होती. वन्संनी तोंड उघडलं, पण इराने त्यांच्या उत्तराची वाट बघितली नाही. ती सवयीने माझ्याकडे वळली. माझ्या तोंडाकडे.

मी शाळेत असताना नाटकात कामं केली आहेत, तपासणीला आलेल्या साहेबांसमोर आनंदी चेहरे केले आहेत, सासरी पहिली चार वर्षं तर दुसरं काही केलेलं नाही. पण त्या गल्लीत तो चेहरा सरळ ठेवणं मला जितकं जड गेलं तितकं काहीच गेलं नसेल. पेजेत काय होतं? पाणी कुठलं होतं? तांदूळ कुठले होते? माझ्या मनात उरायासुचा सगळा चिखल परत वर यायला लागला. पोरगी बघत होती. मी हात पुढे केला, म्हातारीच्या हातातला वाडगा घेतला आणि आधी स्वतः एक चमचा खाल्ला.

आलं होतं. मीठ होतं. तांदूळ शिजून पार विरघळलेला. आणखी काहीतरी होतं, खोल कुठेतरी, आणि ते काय होतं ते मला माहीत नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

"कसं आहे?" इराने विचारलं. मराठीत.

"गरम आहे," मी म्हटलं. खरं तेवढंच सुचलं. "फुंकर घालून देऊ?"

तिने तोंड उघडलं.

म्हातारी, वन्सं आणि मी, आम्ही तिघी म्हाताऱ्या त्या चार वर्षांच्या पोरीसमोर वाकून उभ्या होतो आणि प्रत्येक घासाला आमची तोंडं आपोआप उघडत होती. अर्ध्या वाडग्यानंतर तिने चमचा माझ्या हातातून काढून घेतला. वाडगा रिकामा झाला. मग म्हातारीकडे तो पुढे करून ती म्हणाली, "मोत्तो." आणखी. म्हातारीने हसून पळी बुडवली. मी पातेल्याच्या वाफेत तोंड घालून उभी राहिले, म्हणजे बाकी काही दिसू नये.

संध्याकाळी मुलाचा फोन यायची वाट न बघता मीच स्टेशनच्या बाहेरून लावला. "जेवली! दोन वाडगे!" त्याने "दोन?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "आई, इथे पाणी आलंय कालपासून. रविवारी घेऊन ये तिला. तिची आई तिच्या आठवणीने अर्धी झालीये."

मी आनंदाने फुलून जिना चढत होते. इरा पुढे, चौकातला पांडा सोबत चढत असल्यासारखी प्रत्येक पायरीवर त्याला काहीतरी जपानीत सांगत. मी वन्संना म्हटलं, "चला, सुटलात बाई आमच्या तावडीतून. तो चमचा, ते टेबलाखाली बसणं, सगळी कटकट संपली. आता खुशाल एकटीने चीन फिरा."

वन्सं कठड्याला धरून चढत होत्या. पाचव्या मजल्यावर थांबल्या. दम लागला असेल म्हणून मीही थांबले. त्यांनी इरा वर वळून दिसेनाशी होईपर्यंत वाट बघितली, आणि मग कप्तानाचा आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "मंगल, तू घाबरत होतीस ना, त्यामुळे मला घाबरायला सवडच मिळत नव्हती गं. अजून आठ दिवस राहशील?"